आजीच्या आईचं नाव काय?

(पनवेल येथे झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला 'बहुसांस्कृतिक समाज आणि स्थलांतरित'. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. विषय मोठा दिसला की त्याचे तुकडे करायचे, अशी आमची सवय. म्हणून मी अमेरिका, युरोप सगळं बाजूला ठेवलं आणि पनवेलपुरता विषय घेतला.

तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे की पनवेलमध्ये सिनेगॉग आहे? हात वर करा. सात. बरं, आत जाऊन आलेले किती? एकही नाही. मीही तिशी ओलांडेपर्यंत गेलो नव्हतो, तेव्हा लाजू नका. त्याचं नाव बेथ एल, बांधलं 1849 साली. पनवेलची नगरपालिका 1852 ची, म्हणजे सिनेगॉग तिच्यापेक्षाही जुनं. ते बांधणारे बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं 'शनिवार तेली'. त्यांना कोणी परदेशी म्हटलं नाही. सुट्टीच्या वारावरून ओळखलं आणि विषय संपला.

आडनावं बघा. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. गावाला 'कर' लावलं की झालं आडनाव, आपल्या पारकर, महाडकरांसारखंच. आणि मलिदा! एलियाहू हन्नबीच्या नावानं ते मलिदा करतात. पोहे, खोबरं, साखर, फळं. आपल्याकडे दर्ग्यावर मलिदा असतोच. कृती वेगळी, शब्द एकच. कुणाचा कुणाकडे गेला याचा वाद मी घालणार नाही, आमच्या घरात एकदा झालाय.

1948 नंतर यातले बहुतेक इस्रायलला गेले. आता इस्रायलचं नाव घेतलं की सभागृहात चुळबूळ होते, ती मला दिसते आहे. पॅलेस्टाइनच्या लोकांचं जे झालं आणि होतंय, त्याबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं नाही. पण आज मी एका सरकारबद्दल बोलत नाहीये. आपल्या जिल्ह्यातून उठून गेलेल्या माणसांबद्दल बोलतोय, आणि त्यांची गोष्ट आपल्या फार कामाची आहे.

ही माणसं स्वतःच्या धर्माच्या देशात गेली. तिथे तरी कुणी परकं म्हणणार नाही, अशी त्यांची समजूत असणार. पण सुरुवातीलाच रंगावरून, कामावरून भेदभाव होतो अशा तक्रारी झाल्या. 1951 मध्ये काही जण धरणं धरून बसले, आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून. 1952 मध्ये शंभराहून अधिक लोक खरोखर मुंबईला परतले. त्यातले पुष्कळ नंतर पुन्हा तिकडे गेले, तो भाग वेगळा.

खरी कसोटी पुढे होती. तिथल्या धर्मपीठातल्या काही रब्बींनी यांची लग्नं लावायला नकार द्यायला सुरुवात केली. शंका अशी, की हे लोक शेकडो वर्षं इतर ज्यूंपासून दूर राहिले. मग यांचे घटस्फोट, पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले कशावरून? बाहेर लग्नं झाली नसतील कशावरून? 1962 मध्ये निर्देशच निघाला: बेने इस्रायल व्यक्तीचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावण्याआधी आईच्या बाजूनं जितक्या मागे जाता येईल तितकी चौकशी करा. म्हणजे आई कोण, आजी कोण, आजीची आई कोण.

तुम्ही सांगू शकता? मी घरी बसून प्रयत्न केला. आजीच्या आईचं नाव अम्मीला आठवलं, पण एकच नाव, पुढे-मागे काही नाही. कुठल्या गावची, यावर अम्मी आणि मामू यांच्यात मतभेद. कागद शून्य. ज्या बाईनं आयुष्यभर भात लावला, तिचा कागद कोण करणार?

बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठी निदर्शनं झाली. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेत खास चर्चा होऊन हे सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर झालं. त्या निर्देशातून बेने इस्रायलांचं नाव काढावं लागलं. धर्मपीठाच्या विरोधात उभे राहिले, पण धर्म सोडला नाही आणि मराठीही सोडली नाही. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलंय.

आता दुसरा कागद. आपल्या कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला आहे, रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यातून गेलेल्यांची. त्याच केपटाऊनच्या न्यायालयात 14 मार्च 1913 ला न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हसन इसप यांची पत्नी बाई मरियम भारतातून आली होती, तिला प्रवेश नाकारला. कारण, ज्या धर्मात एकापेक्षा जास्त लग्नांना मुभा आहे त्या रीतीनं झालेलं लग्न कायद्याला मान्य नाही. त्या दोघांचं एकच लग्न असलं तरी! एका निकालानं हिंदू, मुसलमान, पारशी अशा सगळ्याच बायकांचं लग्न कागदावर पुसलं गेलं. त्या वर्षीच्या सत्याग्रहात बायका तुरुंगात गेल्या, कस्तुरबा त्यात होत्या, त्यामागे हा निकाल मोठं कारण होता. 1914 च्या कायद्यानं ही लग्नं मान्य झाली.

मी हे दोन प्रसंग निवडले कारण माझं पोट असल्याच कामावर चालतं. आम्ही ग्राहकाची ओळख तपासणारं सॉफ्टवेअर लिहितो. नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं दिसलं की अर्ज लाल. 'शेख' किती तऱ्हांनी लिहितात, तुम्हाला ठाऊक आहे. प्रोग्रॅमला राग नसतो कुणाचा, पण कुठला फरक चालवून घ्यायचा हे माझ्यासारखाच कुणीतरी एसीत बसून ठरवत असतो. मी ठरवलंय. काही वेळा चुकीचं ठरवलंय, हे नंतर तक्रारी वाचताना कळलं.

आणि मी काउंटरच्या या बाजूलाही उभा राहिलोय. लग्न झाल्यावर स्टेशनपासून जवळ भाड्यानं फ्लॅट बघत होतो. फोनवर सगळं ठरलं, डिपॉझिटसुद्धा. नाव सांगितल्यावर एजंट म्हणाला, "सर, सोसायटीचा थोडा प्रॉब्लेम आहे." या सभागृहात हे वाक्य न ऐकलेला माणूस शोधावा लागेल. त्यावर मी इथे अर्धा तास बोलू शकतो आणि तुम्ही टाळ्याही वाजवाल.

पण गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. आमच्या जुन्या घरामागे एक खोली आहे. तळोज्याच्या कारखान्यात कामाला असलेली तीन मुलं ती बघायला आली. उत्तर प्रदेशची, आपल्याच धर्माची. चाचा म्हणाले, "भय्या लोकांना द्यायची नाही. एकाला दिली की दहा येतात." मी तिथेच होतो. मी काही बोललो नाही. ऑफिसला उशीर होत होता, असं मी स्वतःला सांगितलं. मोहल्ल्याच्या मशिदीतले आमचे इमामसाहेबही उत्तर प्रदेशचेच. पाच वेळा त्यांच्या मागे उभे राहतो, ईदला मिठी मारतो. त्यांच्या मुलासाठी कुणी आपल्या घरात स्थळ बघितलंय का? 'ते आपल्यातले नाहीत', 'त्यांची खानदान कुठे माहीत आहे' हेच ऐकू येतं ना? आजीच्या आईचं नाव आपणही विचारतोच.

आमचे अब्बा कुवेतला एकोणीस वर्षं होते. एका खोलीत आठ जण, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. त्या संध्याकाळी मी त्यांना खोलीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पोरं जेवायला कुठे जातात?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अब्बा स्वतः चाचांकडे गेले. दोघांत काय झालं ते मला सांगितलेलं नाही, आवाज मात्र गल्लीपर्यंत येत होता. तीन नाही, दोघांना खोली मिळाली, आणि भाडं चाचांनी पाचशेनं वाढवूनच घेतलं. तिसरा कुठे गेला, हे मी अजून विचारलेलं नाही.