स्मरणचित्राचा पेपर



एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांमध्ये स्मरणचित्राचा एक पेपर असतो. वस्तुचित्राला समोर घडा, कांदा, पुस्तक काहीतरी मांडलेलं असतं. स्मरणचित्राला समोर काहीच नसतं. बाजार, बसथांबा, पाणवठा असा एखादा विषय येतो आणि मुलानं डोळ्यांत साठलेलं कागदावर उतरवायचं. माझ्या एका वर्गमित्रानं सगळी नोकरी वसई तालुक्यात चित्रकला शिकवण्यात घालवली, आणि त्याचं शिकवणं याच पेपराभोवती फिरत असे. गेल्या पावसाळ्यात तो गेला. घरच्यांची इच्छा आहे म्हणून त्याचं नाव इथे घेत नाही. विद्यार्थी त्याला ड्रॉइंगचे सर म्हणत. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

आम्ही जुन्या अकरावीपर्यंत एका बाकावर होतो. त्याचं घर वाडीतलं. राजेळी केळी, वेलची केळी, वांगी, सोनचाफा, सगळं पहाटेच्या गाडीनं दादरला जायचं. टोपल्या भरायला मदत करून तो शाळेत यायचा, आणि वहीच्या मागच्या पानांवर टोपल्याच काढायचा. मॅट्रिक झाल्यावर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम त्यानं घेतला. तेव्हा तिथे शंकर पळशीकर अधिष्ठाता होते. वसईहून गाडी, मरीन लाइन्सला उतरून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पायपीट, असा त्याचा रोजचा रस्ता. बरोबरीची काही मुलं जाहिरात कंपन्यांत गेली, चांगली कमावती झाली. त्यालाही कुणीतरी बोलावलं होतं. तो वसईला परतला आणि शाळेत रुजू झाला. हे त्यानं नाइलाजानं केलं असं त्याच्या गावातही पुष्कळांना वाटे. मी त्याला जवळून पाहिलं आहे, त्याला मुलांना शिकवायचंच होतं.

स्वतःची चित्रं तो मे महिन्याच्या सुट्टीत काढायचा. नायगाव-जूचंद्रच्या बाजूची मिठागरं हा त्याचा आवडता विषय. मिठाचा पांढरा रंग सकाळी निळसर असतो, दुपारी डोळ्यांना टोचतो आणि संध्याकाळी गुलाबी होतो. जलरंगात पांढरा रंग वापरायचाच नाही, कागद कोरा सोडायचा, ही त्याची शिस्त. त्यामुळे कुठे हात लावायचा नाही हे आधीच ठरवावं लागे, आणि एकेका चित्रासाठी तो तासन्‌तास नुसता बांधावर बसून राही. प्रदर्शन त्यानं कधी भरवलं नाही. मला वाटतं, भरवायला हवं होतं. ती चित्रं त्या तोलाची होती.

आता त्याच्या वर्गाकडे येतो. स्मरणचित्राची तयारी मुलं कशी करतात हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गाइडमधलं एक चित्र पाठ करायचं. डावीकडे झाड, उजवीकडे दुकान, मध्ये फुगेवाला, त्याच्याकडे बोट दाखवणारं मूल. विषय जत्रा असो की स्टेशन, फुगेवाला हजर. हा फुगेवाला दिसला की सर कागद परत देत आणि विचारत, ‘हा तुला कुठे भेटला?’

ते मुलांना बाहेर नेत. पापडीच्या बाजारात, आगाशीला, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर. कागद-पेन्सिल न्यायची नाही, हा नियम. नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न सुरू. टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईचा मोकळा हात कुठे होता? जाळं सांधणारा माणूस जाळं कशात अडकवून ताणतो? सुकेळी वाळत घातली होती, ती कशावर? उत्तर आलं नाही तर रागावणं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच जायचं. मुलं मग आपोआप बघायला लागत, कारण परत विचारणार हे ठाऊक असे.

अक्षरलेखनाचा त्यांचा तास वसईच्या किल्ल्यात भरत असे. १५३४ च्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली, हे पाठ्यपुस्तकात असतंच. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत जुने थडग्यांचे दगड बसवलेले आहेत, त्यांवर रोमन अक्षरं कोरलेली आहेत. ओळ संपत आल्यावर शब्द पुरेना, तेव्हा पाथरवटानं अक्षरं कशी जवळ घेतली, हे सर मुलांना गुडघ्यांवर बसवून दाखवत. दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं नसतं, डोळ्यांनी तोलायचं असतं, हे मी त्या दगडांपाशीच शिकलो. तेव्हा मी मुलांच्या मागे उभा होतो. सोपाऱ्याच्या स्तूपावरही ते नेत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केलं, अवशेषांची मंजूषा आणि बुद्धमूर्ती सापडल्या. मुलांना सांगायला त्यांच्याकडे ही गोष्ट असे. आणि जूचंद्र तर रांगोळी कलाकारांचं गाव. जमिनीवर चिमटीनं माणसाचा चेहरा उभा करणारे कलावंत आपल्याच तालुक्यात आहेत, त्यांचा हात बघा, असं ते सांगत.

वारली चित्रांबद्दल मात्र ते कडक होते. शाळेच्या भिंतींवर, भेटकार्डांवर, कुंड्यांवर ती शोभेची पट्टी म्हणून आलेली त्यांना खपत नसे. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं. चौकात पालघट देवी असते. लग्न आहे म्हणून ते चित्र आहे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं या भागात फिरून वारली कलावंतांना कागद आणि रंग दिले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यातून जगापुढे आले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे भास्कर कुलकर्णीही जे.जे.चेच विद्यार्थी. माझा मित्र त्यांचं नाव फार आदरानं घेई. शिकवण्याची गरज नसलेल्या माणसाला ओळखणं आणि त्याच्या हाती साहित्य देऊन बाजूला होणं, हे मोठ्या शिक्षकाचं काम आहे, असं त्याचं मत होतं.

तो गेल्यावर त्याच्या मुलीनं मला घरी बोलावलं. कपाटात मुलांच्या स्मरणचित्रांचे गठ्ठे होते, वर्षवार बांधलेले. सरावाचे कागद, सरांनी टाकून दिले नव्हते. आम्ही ते सोडून बसलो. विहिरीवरचा रहाट. केळीच्या घडांची बैलगाडी. लाल लुगड्यातल्या बायका, पुढ्यात भाजीचे वाटे. पूर्वेकडची भातखाचरं आणि त्यांत उभं पाणी, जिथे आज सात-सात मजली इमारती आहेत. वर्ष पुढे सरकत जातं तसे कागदावर ट्रक येतात, वाळूचे ढीग येतात, इमारतीची परांची येते. पाण्याच्या टँकरपुढची हंड्यांची रांग तर एका वर्षी अनेक मुलांनी काढली आहे. विषय होता ‘पाणवठा’. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, तोवर हे गाव कसं बदलत गेलं याची सरकारी कागदपत्रं कुठेतरी असतीलच. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी आपल्या डोळ्यांनी केलेली अशी नोंद मी दुसरीकडे पाहिलेली नाही. रेषा कच्च्या आहेत, माणसांचे हात लांब झालेत, तरी प्रत्येक कागदावर एक जागा ओळखता येते. फुगेवाला एकाही कागदावर नाही.

एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य आणि कार्यशिक्षणाचे निदेशक सांगितले आहेत, तेही शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तिथे, आणि अर्धवेळ. अर्धवेळ माणूस मुलांना एकाच बाजारात दुसऱ्यांदा कसा नेणार? दुसरीकडे इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून परीक्षेला गर्दी होते, आणि ती तयारी क्लासमध्ये होते, पाठ केलेल्या चित्रांवर. चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक शाळेत असलाच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. माझ्या मित्रानं जे केलं ते फावल्या वेळात होण्यासारखं नव्हतं.

त्या गठ्ठ्यांना वाळवी लागायला सुरुवात झाली होती. त्याचे जुने विद्यार्थी आता जमले आहेत, एकेक कागद साफ करून त्याचा फोटो घेत आहेत. चित्र काढणारी मुलं आज चाळिशी-पन्नाशीत असतील, त्यांना शोधून चित्रातली जागा नेमकी कोणती हे विचारून लिहून ठेवणं चालू आहे. तुमच्याही घरी माळ्यावर, ट्रंकेत शाळेतली चित्रं असतील. ती काढा, उन्हात न ठेवता सावलीत वारा द्या, आणि मागच्या बाजूला पेन्सिलनं गाव, जागा आणि वर्ष लिहा. शाईनं लिहू नका, ती पुढच्या बाजूला फुटते.