आधी लाइन, मग मशीन



पुणे-लोणावळा लोकलने ये-जा करणाऱ्यांनी एखाद्या स्टेशनच्या सायडिंगला उभं असलेलं लांबलचक पिवळं यंत्र नक्की पाहिलं असेल. ते इंजिन नव्हे आणि मालडबाही नव्हे. त्याला टॅम्पिंग मशीन म्हणतात. माझी सगळी नोकरी या आणि अशा मशीनच्या दुरुस्तीत गेली. आपल्या पुण्यात विद्येविषयी पुष्कळ बोललं जातं. आज ग्रीस लागलेल्या हातांच्या विद्येविषयी बोलावं म्हणून मी इथे उभा आहे.

रुळाखाली स्लीपर असतो आणि स्लीपरखाली खडी. गाड्या धावून धावून ती खडी दबते, सरकते, झिजते. मग रूळ कुठे बसतो, कुठे बाजूला जातो. पूर्वी गँगमन हातात बीटर घेऊन एकेका स्लीपरखाली खडी ठोकून भरत. लाकडी स्लीपर जाऊन काँक्रीटचे आले, गाड्यांचा वेग आणि वजन वाढलं, आणि हे काम माणसाच्या दंडाला झेपेना. ऑस्ट्रियाच्या प्लासर अँड टॉयरर कंपनीचं मशीन ते काम करतं. फरिदाबादला त्यांचा कारखाना आहे. ०८-३२ ड्युओमॅटिक या मॉडेलमधला ३२ हा आकडा त्याच्या टूलांचा. मशीन रूळ पकडून उचलतं, रेषेत आणतं, आणि ही टूलं दोन स्लीपरांच्या दोन्ही अंगांना खडीत उतरतात. सेकंदाला ३५ वेळा थरथरत ती खडी स्लीपरखाली दाबतात आणि वर येतात. हे सगळं काही सेकंदांत. लगेच पुढचे दोन स्लीपर.

वैशाख चालू आहे म्हणून सांगतो, हे काम वाटेल तेव्हा करता येत नाही. हल्ली रूळ लांबच्या लांब वेल्ड केलेले असतात. ऊन वाढलं की रूळ प्रसरण पावू पाहतो, पण त्याला जायला जागा नसते. त्याला आवळून धरते ती खडीच, आणि टॅम्पिंगने नेमकी तीच सैल होते. म्हणून ज्या तापमानाला रूळ ताण काढून बसवला, त्याच्याहून रुळाचं तापमान १० अंशांपेक्षा जास्त वर गेलं की काम थांबवायचं. नाहीतर रूळ सापासारखा वळतो. दुपारी मशीन गप्प उभं दिसलं तर माणसं झोपली आहेत असं कृपा करून समजू नका.

आता मेकॅनिककडे येतो. काम मिळतं ते ब्लॉकमध्ये. ठरलेल्या वेळेपुरती लाइन आमच्या ताब्यात. पलीकडच्या लाइनवरून गाड्या चालूच असतात, आणि एक माणूस शिट्टी घेऊन फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवतो. समजा टूलं खडीत रुतलेली असताना हायड्रॉलिकचा होज फुटला. नवा मेकॅनिक होजकडे धावतो. जुना माणूस आधी हातपंपाकडे जातो. टूलं हाताने वर घ्यायची, खटके लावून ती लॉक करायची, मशीन हलण्याजोगं करायचं. का फुटलं, कुणाचं चुकलं, हे सायडिंगला गेल्यावर. आधी लाइन, मग मशीन. मागे गाड्या खोळंबलेल्या असतात, वॉकीटॉकीवर चौथ्यांदा विचारणा झालेली असते. तेव्हा हा क्रम पाळायला डोकं थंड लागतं. ते थंड ठेवणं हाच या कामाचा अर्धा भाग आहे असं मी मानतो.

उरलेला अर्धा भाग निदानाचा. समजा मशीनचा टूलं धरणारा एका बाजूचा हात उशिरा मिटतोय. पंप कमजोर असेल, व्हॉल्व्ह अडकत असेल, सिलिंडरचं सील गेलं असेल, किंवा वायरीतच दोष असेल. सगळं उघडत बसायला वेळ नसतो. मग शेजारच्या चांगल्या व्हॉल्व्हचा प्लग काढून याला लावायचा आणि याचा त्याला. दोष जागा बदलून तिकडे गेला, तर तो विजेच्या बाजूचा. जागच्या जागी राहिला, तर व्हॉल्व्हपासून पुढे शोधायचं. तेल आतल्या आत गळत असेल तर तो भाग शेजारच्यापेक्षा जास्त तापतो. जाणता मेकॅनिक लोखंडी बॉडीला तळहात लावून ते सांगतो.

पण तोच हात गळत्या होजवर कधी फिरवायचा नाही. हे मी प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगत आलो. शंभर बारच्या पुढच्या दाबाने टाचणीएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल डोळ्याला दिसत नाही, आणि ते कातडी भेदून मांसात शिरतं. वरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं. तरी तिथून थेट ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं, उशीर झाला तर बोट जातं. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून.

नुसत्या टॅम्पिंगने सगळीकडे भागत नाही, म्हणून बोरघाटाबद्दल दोन शब्द. खंडाळा-पुणे लाइन १८५८ साली सुरू झाली, घाट १८६३ साली खुला झाला. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ आहे. आजही गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. पावसाळ्यात तिथे खडीत चिखल चढतो, आणि चिखलात टूल कितीही चालवा, स्लीपर पुन्हा बसतो. आधी खडी चाळून साफ करावी लागते, त्याचं मशीन वेगळं. त्याच्या साखळीची दुरुस्ती भर पावसात केलेल्या माणसांना मी मनापासून मानतो.

या गावात कोरेगाव पार्कला १९५९ पासून रेल्वेच्या सिव्हिल इंजिनिअरांना शिकवणारी संस्था आहे. किर्लोस्करांची ऑइल इंजिनं खडकीत बनली, १९६२ साली कोथरूडला कमिन्स आलं. औंधच्या आयटीआयमधून मुलं बाहेर पडतात. शिकण्याची इतकी सोय असून मशीनवरच्या मेकॅनिकचं ज्ञान कुठेच लिहिलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. ते खिशातल्या वहीत असतं, आणि निवृत्तीनंतर वही रद्दीत जाते.

माझ्यासारखे कुणी इथे असतील तर त्यांना विनंती आहे. त्या वह्या शोधा आणि नीट उतरवून काढा. उतरवताना बदललेल्या पार्टचं नाव नंतर लिहा, आधी लक्षण लिहा. ‘व्हॉल्व्ह बदलला’ एवढ्याने कुणी शिकत नाही. ‘सकाळी नीट चालतं, तेल तापल्यावर डावा हात उशिरा मिटतो’ असं लिहा, कारण लाइनवर उभ्या असलेल्या पोराला तेवढंच दिसत असतं. ज्यांच्याकडे अशी वही आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावं. मी माझी सोबत आणली आहे.