शाळेचे ग्रंथालय व आपले कर्तव्य

(धुळे येथे पालकांच्या सभेत केलेले भाषण)



शाळेतील ग्रंथालय व तेथे साजरे होणारे स्मरणदिन या विषयावर मी बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. वकिलाचा ग्रंथालयाशी काय संबंध, असे आपणांपैकी कोणास वाटले असेल. न्यायालयात माणसापेक्षा कागद अधिक बोलतो. कागदावर काय लिहिले आहे ते न वाचता ज्याने अंगठा उठविला किंवा सही केली, त्याची बाजू खरी असली तरी ती सिद्ध करताना वकिलाची दमछाक होते. सही करता येणे ही एक गोष्ट आणि वाचून समजणे ही दुसरी. दुसरीची सवय लागण्यास पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक मुलाच्या हाती पडावे लागते. ज्याच्या घरी पुस्तके विकत घेण्याइतका पैसा नाही, त्याच्या मुलाला ते शाळेच्या कपाटातूनच मिळावयाचे.

आपल्या शाळांत स्मरणदिनांची उणीव नाही. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस ठरला. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन, ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन, ३ जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती, १४ एप्रिल ही बाबासाहेबांची. यातल्या बहुतेक दिवशी प्रतिमेला हार घातला जातो, दोन भाषणे होतात, छायाचित्र निघते. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्या दिवशी किती पुस्तके मुलांच्या हातून घरी गेली, असा प्रश्न मी विचारला, तर पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळत नाही. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे पोरांना ठाऊक नसते.

स्मरणदिनाचे व पुस्तकाचे नाते किती जवळचे असते, याचे एक उदाहरण आपणां सर्वांच्या जीवनाला भिडलेले आहे. बाबासाहेब विद्यार्थी असताना, ते परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल मुंबईत त्यांच्या कौतुकाची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुस्कर हे शाळेतले शिक्षक. त्यांनी त्या दिवशी हारतुऱ्यांवर भागविले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी पुस्तक दिले. ते पुस्तक मुलाने वाचले, त्याच्या मनात रुजले, आणि जवळजवळ अर्धशतकानंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी धम्माची दीक्षा घेतली. त्या एका पुस्तकाने सारे घडले असे मी म्हणत नाही. मधल्या काळात बाबासाहेबांचे प्रचंड अध्ययन व प्रचंड लढे आहेत. पण बीज त्या सभेत पडले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आपल्या गावच्या शाळेत जयंतीच्या दिवशी जे पुस्तक बंद कपाटात राहते, ते कोणत्या मुलाचे होते, हे आपणांस कधीच कळणार नाही.

आता कायद्याकडे येतो. शाळेत ग्रंथालय असणे ही कोणाची मेहेरबानी नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळेने कोणत्या गोष्टी पुरवाव्यात, याची यादी त्याच्या अनुसूचीत आहे. तीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वर्तमानपत्र, नियतकालिके व सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा तर त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमावयाची असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळावे, असा नियम आहे. शाळेला मिळणाऱ्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे हे या समितीचे काम आहे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या इयत्तांप्रमाणे वर्षाला ५,००० पासून २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. त्या रकमेतून कोणती पुस्तके आली, हे विचारण्याचा अधिकार समितीतल्या मजूर बाईलाही तितकाच आहे, जितका गावच्या पुढाऱ्याला. मात्र समितीच्या बैठकीला न जाता, घरी पाठविलेल्या नोंदवहीवर सही करून मोकळे होणाऱ्याचा अधिकार कागदावरच राहतो.

येथे शिक्षकांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. पुस्तके जडसंग्रह नोंदवहीत चढलेली असतात. एखादे हरवले किंवा फाटले, तर जाब आपणांस द्यावा लागेल, अशी भीती शिक्षकाला वाटते. म्हणून कुलूप लागते. यावर उपाय समितीच्या हाती आहे. वापराने पुस्तक झिजणारच, हे मान्य करणारा ठराव समितीने करावा आणि मोठी नुकसानी झाल्यास पालकांनी मिळून भरपाई करावी. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम सांगितले, त्यांतला पहिलाच असा की, पुस्तके वापरासाठी आहेत. फाटलेले पुस्तक हे वाचल्याची खूण होय. कोऱ्या पुस्तकाबद्दल मात्र कोणाला तरी जाब विचारला पाहिजे.

आपल्या खानदेशाची एक अडचण निराळी आहे. चाळीसगाव, साक्री या बाजूंची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. विद्यार्थी दिवस, संविधान दिन, महापरिनिर्वाण दिन व सावित्रीबाईंची जयंती हे सर्व याच काळात येतात. ज्या मुलांसाठी हे दिवस पाळावयाचे, तीच मुले तेव्हा उसाच्या फडात असतात. म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या जिल्ह्याचा जो स्वतःचा स्मरणदिन आहे, तो शाळेने पुस्तकवाटपाचा दिवस करावा. १९३७ साली बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे माणसे जमतात. शाळा जूनमध्ये सुरू झालेली असते, मुले गावातच असतात. दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, अण्णाभाऊ साठे यांची जयंती येते. शाळेत अवघे दीड दिवस गेलेला हा माणूस, ज्याने ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली! या दोन दिवसांत प्रत्येक मुलाच्या नावावर पुस्तक चढवावे. जे कुटुंब पुढे फडावर जाईल, त्याच्या मुलाला निघताना आणखी दोन पुस्तके नोंद करून बरोबर द्यावीत.

उपक्रमांसाठी फार पैसा लागत नाही. अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत. तसे भित्तिपत्रक आपल्या शाळेतली मुले पंधरवड्याला काढू शकतात. वाचलेल्या पुस्तकावर चार ओळी प्रत्येकाने लिहाव्यात. संविधान दिनी उद्देशिका मुखोद्गत म्हणून घेतात, तिच्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ मुलांनी एकमेकांस सांगावा. आणि घरी मोठ्याने वाचून दाखविण्याची पद्धत पाडावी. आपल्या घरांत अहिराणी बोलतात, पुस्तकाची भाषा मुलाला परकी वाटते. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. ते मुलाने आईला वाचून दाखवावे. आपली बोली छापलेली पाहून मुलाची भीड चेपेल, आणि जिला अक्षरओळख नाही ती आईही वाचनात सहभागी होईल.

बंधूंनो व भगिनींनो, साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसून एका मुलाला शिकावे लागले. आज आपल्या मुलाला बाकावर जागा आहे आणि कायद्याने त्याचे नाव पुस्तकावर लिहिले आहे. येत्या बैठकीला आपण स्वतः जा, किल्ली कोणाकडे आहे ते विचारा, कपाट उघडावयास सांगा, आणि मुलाने आणलेले पुस्तक घरात उंच फळीवर न ठेवता त्याच्या हाताशी राहू द्या. इतके सांगून मी आपली रजा घेतो.

जय भीम.