उशाशी जागणारे माणूस
(पक्षाघातानंतर येणारे अपस्माराचे झटके व जोडीदाराची शुश्रूषा या विषयावरील व्याख्यान)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी दुखण्याखुपण्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. परंतु कोणत्याही जुन्या ग्रंथालयाचे देवघेवीचे पुस्तक चाळून पाहावे. वर्षानुवर्षे नेमाने येणारा एखादा सभासद एके दिवशी येईनासा होतो. काही आठवड्यांनी त्याची पत्नीही येईनाशी होते. चौकशी केली की उत्तर मिळते, ‘त्यांच्या अंगावरून वारे गेले.’ त्यांचे काय झाले हे सर्वजण विचारतात. तिचे काय झाले हे सहसा कोणी विचारीत नाही. आजचा विषय त्या दोघांचा आहे, आणि त्यातही अधिक तिचा आहे.

अंगावरून वारे जाणे, अर्धांगवायू, लकवा, पक्षाघात ही एकाच आपत्तीची नावे होत. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडतो किंवा रक्तवाहिनी फुटून आत रक्तस्राव होतो, आणि त्या भागाच्या हाती असलेली वाचा, हात किंवा पाय निकामी होतो. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान ही त्याची ठळक कारणे आहेत. ज्या निपाणीचे नाव तंबाखूच्या बाजारपेठेमुळे दूरवर पोहोचले आणि जिथे १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, त्या गावात तंबाखूविषयी बोलणे अवघड असते. कारण तिच्यावर कित्येकांची चूल पेटलेली आहे. तरीही विडी ओढणाऱ्याला पक्षाघाताचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा अधिक असतो, हे सत्य सांगितलेच पाहिजे.

पहिले संकट टळते. रुग्ण कोल्हापूर किंवा बेळगावच्या रुग्णालयातून घरी येतो, काठी धरून चार पावले टाकू लागतो. घर सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोच एखाद्या पहाटे त्याचा हात गदगदा हलू लागतो, डोळे एका बाजूला फिरतात, तोंडाला फेस येतो. पत्नीला वाटते, दुसऱ्यांदा वारे गेले. वस्तुतः तो बहुधा अपस्माराचा झटका असतो. पक्षाघात झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांना पुढे असे झटके येतात. मेंदूतील इजा भरून येताना तेथे एक वण राहतो. त्या वणाभोवतीच्या पेशी कधी कधी एकाच वेळी विजेच्या लहरी सोडू लागतात, आणि त्या लहरींचे दृश्य रूप म्हणजे झटका होय. रक्तस्राव झालेल्यांना, तसेच मेंदूच्या बाह्य थराला मोठी इजा झालेल्यांना हा धोका अधिक असतो.

वैद्यक येथे एक महत्त्वाचा भेद करते. पक्षाघातानंतरच्या पहिल्या सात दिवसांत आलेला झटका ताज्या इजेमुळे आलेला असतो. तो पुन्हा येईलच असे नाही. सात दिवसांनंतर, कित्येकदा सहा महिने-वर्षानंतर आलेला झटका मात्र वणातून उद्भवतो, आणि तो पुन्हा येण्याची शक्यता बरीच मोठी असते. म्हणूनच २०१४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी अपस्माराची जी नवी व्याख्या केली, तिच्यानुसार अशा रुग्णाला एकच झटका आला तरी त्याला अपस्मार जडला असे मानून उपचार करता येतात. ‘एकदाच तर आली, पुन्हा आली तर पाहू’ हा घरगुती हिशेब येथे चालत नाही.

प्रत्येक झटका हातपाय आपटणारा असतोच असे नाही. कधी फक्त लुळ्या हाताची बोटे थरथरतात, कधी बोलता बोलता शब्द थांबतो, कधी माणूस क्षणभर शून्यात पाहत राहतो. डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या भेटीत हे दिसत नाही. जेवणाच्या ताटावर, अंथरुणाच्या कडेला ते पत्नीलाच दिसते. त्यामुळे तिचे निरीक्षण हा उपचाराचा भाग आहे. झटका किती वाजता आला, किती वेळ टिकला, कोणत्या बाजूने सुरू झाला, आधी झोप कमी झाली होती का, ताप होता का, गोळी चुकली होती का, हे वहीत लिहून ठेवणारी जोडीदार डॉक्टरांना मोठ्या तपासणीइतकीच उपयोगी पडते.

झटक्यानंतर आणखी एक भीतीची घटका येते. सुधारत आलेला हात पुन्हा लुळा पडतो, वाचा पुन्हा जाते. पुष्कळदा ही दुर्बलता तात्पुरती असते आणि काही तासांत, क्वचित एक-दोन दिवसांत ओसरते. परंतु ती तात्पुरती आहे की खरोखरच नवा पक्षाघात आहे, हे घरी बसून ठरविता येत नाही. गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देता येते, म्हणून अशा वेळी वाट पाहत बसू नये.

प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी काय करावे, याविषयी समाजात पुष्कळ गैरसमज आहेत. कोणी नाकाशी चप्पल धरतो, कोणी कांदा फोडतो, कोणी मुठीत किल्ल्या कोंबतो, कोणी दातांत चमचा घालतो. यांतील एकाही गोष्टीने झटका थांबत नाही. चमच्याने दात मात्र तुटतात. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, जवळच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळाकडे पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. पक्षाघाताने गिळण्याची शक्ती आधीच मंदावलेली असते. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटे उलटली, किंवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा झटका आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आयुष्यातला पहिलाच झटका असेल, तर तो थांबला तरी रुग्णालय गाठावेच.

औषधाच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बरे वाटणे. सहा महिने झटका आला नाही की गोळी आपल्याच मनाने सोडली जाते, आणि मग पूर्वीपेक्षा मोठा झटका येतो. निपाणीसारख्या सीमेवरच्या गावात आणखी एक अडचण असते. एक डॉक्टर कोल्हापूरचे, दुसरे बेळगावचे. एकाचा कागद दुसऱ्याने पाहिलेला नसतो. झटक्याच्या काही जुन्या गोळ्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम बदलतात. यासाठी सर्व औषधांची एकच वही असावी आणि ती प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवावी. काही गोळ्यांनी रुग्णाचा स्वभाव चिडखोर होतो. जन्मभर शांत असलेला नवरा भाताच्या ताटावरून ओरडू लागला, तर पत्नी स्वतःलाच दोष देते. तो राग कदाचित गोळीचा असतो, कदाचित पक्षाघातानंतर अनेकांना ग्रासणाऱ्या खिन्नतेचा असतो. दोन्हींवर उपाय आहे. मात्र डॉक्टरांना ते सांगितले पाहिजे.

आता त्या उशाशी बसलेल्या माणसाकडे वळू. झटका काही मिनिटांचा असतो, पण त्याची धास्ती चोवीस तासांची असते. ती रात्री दचकून उठते आणि श्वास चालू आहे ना ते पाहते. न्हाणीघराची कडी आतून लावू देत नाही, चुलीपाशी आणि पाण्याच्या बंबापाशी त्याला एकटे जाऊ देत नाही. या खबरदाऱ्या योग्यच आहेत. परंतु त्यांतून हळूहळू घराचा तुरुंग होतो, आणि त्यात कैदी दोन असतात. तिचा स्वतःचा रक्तदाब कोणी मोजीत नाही. विडी वळणारी स्त्री असेल तर तिची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. जितका वेळ शुश्रूषेत जातो तितक्या विड्या कमी. म्हणून ती रुग्णाच्याच खोलीत सूप मांडीवर घेऊन बसते, आणि तंबाखूची धूळ दोघांच्याही छातीत जाते. आजारी पत्नी असेल आणि शुश्रूषा करणारा पती असेल, तर निराळीच कोंडी होते. स्वयंपाक, वेणीफणी, कपडे बदलणे हे त्याला कोणी शिकविलेले नसते, आणि शेजारीपाजारी त्याचे कौतुक करतात, पण मदतीला येत नाहीत.

याखेरीज लपविण्याचे ओझे असते. मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून वडिलांच्या ‘फिट’चा उच्चार होत नाही. या लज्जेला एके काळी कायद्याचाही आधार होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार ही विवाहातील बाधा ठरविली गेली होती. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढून टाकण्यात आला. कायद्याने जे सोडले ते मनाने अजून सोडलेले नाही. वस्तुतः पक्षाघाताच्या वणातून येणारा अपस्मार मुलाबाळांकडे वारशाने जात नाही. अनिल अवचट यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांचे जिणे मराठी वाचकांपुढे मांडले. त्यांच्याच कन्या यशोदा वाकणकर यांनी, स्वतः या आजाराचा अनुभव घेतल्यावर, पुण्यात अपस्मारग्रस्तांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘संवेदना’ हा आधारगट उभा केला. चारचौघांत बोलणे हेच अनेकांसाठी पहिले औषध ठरते.

ग्रंथालयाच्या व्यासपीठावर एक उदाहरण सांगणे उचित होईल. रशियन क्रांतीचे नेते लेनिन यांना मे १९२२ मध्ये पक्षाघाताचा पहिला आघात झाला. मार्च १९२३ मध्ये वाचा गेली. त्यांना झटकेही येत. त्यांच्या पत्नी क्रुप्स्काया या शिक्षणतज्ज्ञ होत्या व ग्रंथालय चळवळीच्या खंद्या पुरस्कर्त्या. मॉस्कोजवळच्या गोर्की येथे त्यांनी पतीला लहान मुलासारखे पुन्हा शब्द शिकविले, डाव्या हाताने लिहावयास शिकविले. २१ जानेवारी १९२४ रोजी लेनिन निवर्तले. त्याच्या दोनच दिवस आधी क्रुप्स्काया त्यांना जॅक लंडनची ‘लव्ह ऑफ लाइफ’ ही कथा वाचून दाखवीत होत्या, आणि ती त्यांना फार आवडली होती. एवढी राज्यसत्ता, एवढे डॉक्टर हाताशी असताना अखेरच्या दिवसांत पत्नीने जे दिले ते एका पुस्तकाचे वाचन होते. त्यांच्या राजकारणाविषयी मते भिन्न असतील. उशाशी बसलेल्या त्या वाचनाविषयी भिन्न असण्याचे कारण नाही.

येथेच ग्रंथालयाचा संबंध येतो. ज्याची वाचा गेली आहे त्याची समज गेलेली असतेच असे नाही. रोज अर्धा तास वाचून दाखविलेला मजकूर त्याला माणसांत ठेवतो. येऊ न शकणाऱ्या सभासदाच्या घरी पुस्तक पोहोचविणे ग्रंथालयाला कठीण नाही. त्याहून मोलाचे म्हणजे, पुस्तक घेऊन गेलेल्या सभासदाने तेथेच दोन तास बसावे, वाचून दाखवावे, आणि त्या दोन तासांत तिला बाजारात, देवळात, डॉक्टरकडे किंवा नुसते झोपायला मोकळे करावे. मात्र बसणाऱ्याला कुशीवर वळविणे आणि घड्याळ पाहणे एवढे आधी शिकविलेले असावे. त्यासाठी एखाद्या संध्याकाळी याच सभागृहात स्थानिक डॉक्टरांकडून प्रात्यक्षिक ठेवता येईल.

शंभर वर्षांत या प्रकारच्या संस्थांनी पुस्तके घरोघर नेली. पुढच्या काळात पुस्तकाबरोबर एक माणूसही त्या घरी गेला, तर देवघेवीच्या पुस्तकातून गळालेली दोन नावे पुन्हा त्यात येतील, आणि ती येणे हेच शताब्दीचे खरे सार्थक होईल.