गावचा फाटा



रस्ता सुरक्षेवरचं भाषण आपल्याकडे एका ठरलेल्या वाटेनं जातं. पोरं गाड्या बेफाम चालवतात, हेल्मेट कोणी घालत नाही, शिस्त म्हणून काही उरलेली नाही. यातलं खोटं काहीच नाही. पण वर्षानुवर्षं हेच बोलून झालं आणि २०२२ या एका सालात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली १५ हजारांवर महाराष्ट्रातली. म्हणून आज शिस्तीवर प्रवचन करत नाही. तुमच्या रोजच्या पायाखालची एकच जागा घेतो आणि तिच्याबद्दलच बोलतो. ती जागा म्हणजे गावचा फाटा.

फाटा असा का निवडला, तेही सांगतो. राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग मिळून देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत पाच टक्क्यांच्या आसपास भरतात, आणि २०२२ मधले साठ टक्के मृत्यू याच रस्त्यांवर झाले. आपण गावातली माणसं या रस्त्याला भेटतो ती फाट्यावर. एसटी तिथे धरायची, दुधाचे कॅन तिथे उतरायचे, हायस्कूलची मुलं तिथून पलीकडे जायची.

आता हा फाटा जरा जवळून पाहा. मुख्य रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढत गेला, गावचा रस्ता मात्र खालीच राहिला. त्यामुळे शेवटच्या दहा-पंधरा पावलांत चढ आहे. मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं, हँडलला पिशवी असा दुचाकीवाला त्या चढावर येतो तेव्हा गाडी बंद पडू नये म्हणून रेस देतो, आणि थांबून उजवीकडे पाहायच्या ऐवजी एका झटक्यात थेट राज्यमार्गावर येतो. पाहिलं असतं तरी काय दिसलं असतं? कोपऱ्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. फ्लेक्सच्या मागे वेडी बाभूळ आहे. साइडपट्टी पावसानं खचून रस्त्यापेक्षा वीतभर खाली गेलेली, म्हणून बाजूला घ्यायला जागा नाही. रात्री दिवा नाही.

अपघात झाला की बातमीत ‘भरधाव’ येतं, पोलिसांच्या कागदात ‘हयगयीने व निष्काळजीपणे’ येतं. चढ, फ्लेक्स, बाभूळ, साइडपट्टी यांचा उल्लेख बहुतेक वेळा कुठेच नसतो. चालकाची चूक असेल, त्याला शिक्षा व्हावी. पण त्याला शिक्षा झाल्यावरही तो फाटा तसाच राहतो, आणि पुढचा माणूस तिथेच मरतो.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की माणूस चुकणार हे धरून रस्ता बांधला पाहिजे. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये हेच धोरण म्हणून स्वीकारलं. रस्त्यावर एकही मृत्यू मान्य नाही, आणि ती जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यावरही आहे, असं ते धोरण सांगतं. ‘स्वीडनचं आपल्याला काय सांगता’, असं कोणी म्हणेल, तर आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पाहा. २०१६ मध्ये त्याच्यावर १५१ मृत्यू झाले होते. त्या वर्षापासून एक स्वयंसेवी संस्था, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि एक उद्योगसमूह यांनी मिळून एकेक अपघाताची जागा तपासायला घेतली. उघडे पडलेले खांब आणि कठडे झाकले, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांचा बंदोबस्त केला, वेगावर नजर ठेवली. करोनाची टाळेबंदी यायच्या आधीच, २०१९ मध्ये, तो आकडा ९२ वर आला होता. चालक तेच होते, आपलेच होते.

वेगाचं गणित मात्र प्रत्येकाला पाठ हवं. सावध चालक, कोरडं डांबर, चांगले ब्रेक, सगळं नीट धरलं तरी ताशी ४० किलोमीटरनं येणारी मोटार थांबायला सुमारे २० मीटर लागतात. ८० नं येणारीला सुमारे ५७ मीटर. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. फाट्यावर मूल वीस-पंचवीस मीटरवर दिसलं, तर पहिली गाडी थांबते. दुसऱ्या गाडीचा चालक कितीही सज्जन असला तरी ती थांबू शकत नाही.

मग गाव काय करतं? मयत झालं की रास्ता रोको होतो, साहेब येतात, आणि रात्रीतून डांबराचा एक उंचवटा उभा राहतो. ना पट्टे, ना फलक. आठवड्याभरात त्याच गतिरोधकावरून एखादी मावशी मागच्या सीटवरून उडून डोक्यावर पडते. इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकाचं माप केव्हाच ठरवून दिलं आहे: गोलाकार, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, म्हणजे ताशी २५ च्या वेगानं गाडी सुखरूप जाते. चाळीस मीटर आधी फलक, आणि वर रात्रीही दिसतील असे पट्टे. त्याच नियमावलीत आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या फार उपयोगाची आहे. गावचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे गतिरोधक घालायचा तो गावच्या रस्त्यावर. आपण नेमका उलटा हट्ट धरतो. आपल्या दुचाकीवाल्याला चढाच्या आधी थांबवलं पाहिजे, तो चढ सपाट करून घेतला पाहिजे, आणि मुख्य रस्त्यावर आडवे रंबलर व ठळक फलक मागून घेतले पाहिजेत.

ऊसपट्ट्यात आणखी एक संकट आहे. गाळप सुरू झालं की रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागे उसाच्या मोळ्या लोंबतात, दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. टायर फुटला की ट्रॉली आहे तिथेच उभी, भोवती चार दगड. ट्रॉली सकाळी जाते, दगड तिथेच राहतात. या एका गोष्टीला साखर कारखाने मनात आणलं तर एका हंगामात आळा घालू शकतात. रिफ्लेक्टर नाही तर वजनकाट्यावर ट्रॉली घ्यायची नाही, एवढा नियम करा. कारखान्याचे सभासद आपणच आहोत, सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडायला कोणी अडवलेलं नाही.

हे सगळं मागायचं कोणाकडे, इथे बहुतेक गावं अडतात. अर्ज ग्रामपंचायतीत देतात, ग्रामपंचायत तहसीलला पाठवते, आणि कागद फिरत राहतो. आधी रस्ता कोणाचा ते पाहा. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक. राज्यमार्ग असेल तर अर्ज सार्वजनिक बांधकामच्या उपविभागात द्यायचा, आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं आहे. रस्त्याच्या रचनेतल्या किंवा देखभालीतल्या दोषामुळे माणूस दगावला किंवा अपंग झाला, तर त्या रस्त्याची जबाबदारी असलेल्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात या कलमाचा उल्लेख करा.

‘ब्लॅक स्पॉट’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, तेव्हा ती जागा त्या यादीत बसते. मला हे पटत नाही. दहा प्रेतं मोजून होईपर्यंत गावानं का थांबायचं? फाट्यावरचा टपरीवाला तुम्हाला आजच सांगेल की कुठल्या बाजूला, किती वाजता, कोण घसरतं. ज्यांत कोणी मेलं नाही, पोलिसांपर्यंत गेलं नाही, असे अपघात फक्त त्यालाच ठाऊक असतात. हायस्कूलच्या नववीच्या मुलांनी एक वही घालावी आणि त्याला विचारून तारीख, वेळ, वाहन, जागा लिहावी. सहा महिन्यांची अशी वही अभियंत्यापुढे ठेवली की तिला उत्तर द्यावंच लागतं.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका चाळीस टक्क्यांच्या वर कमी होतो, हे जगभरच्या अभ्यासांतून निघालेलं आहे. पुण्यासारख्या शिकलेल्या शहरात हेल्मेटसक्तीच्या विरोधात आंदोलनं झाली, याचं मला मनापासून दुःख आहे. चार वर्षांच्या वरच्या मुलालाही हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे. आणि अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातून गुन्हा घडला, तर बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. पोराच्या हातात किल्ली देण्याआधी घरात हे बोला.

अपघात झालाच, तर १०८ ला फोन करा आणि जखमीजवळ थांबा. पोलीस चौकशीत अडकू, ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, नाव सांगायची सक्ती नाही. मे २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही आहे. पहिल्या तासात पैशासाठी कोणी अडून राहू नये, यासाठीच ती आहे.

येत्या १ मेला गावोगावी ग्रामसभा आहेत. विषयपत्रिकेवर फाटा घ्यायला लावा. कोपऱ्यावरचा फ्लेक्स उतरवण्याचा आणि बाभूळ तोडण्याचा ठराव त्याच दिवशी होऊ शकतो, त्याला कोणाच्या निधीची वाट पाहावी लागत नाही. गतिरोधक, चढ आणि दिव्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी उपविभागात द्या आणि पोच घ्या. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. त्याच्या आत निदान पांढरे पट्टे आणि शाळेचा फलक लागलाच पाहिजे, असा आग्रह धरा.