दांड्या पूर्ण, तरी आवाज तुटतो



मुंबईत लोअर परळला किंवा वरळीला, चाळीस मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यांवर राहणारं कोणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांना विचारून बघा. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात, आणि फोन लावला की थोड्याच वेळात पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय’ म्हणायला लागतो. त्याच इमारतीचा वॉचमन मात्र खाली फाटकाशी बसून गावी निवांत बोलत असतो. मोबाइल नेटवर्क उभारण्याच्या कामाशी माझा जवळचा संबंध आहे, त्यामुळे हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि त्यामागोमाग सल्लाही येतो, ‘टॉवरची पॉवर वाढवा ना!’ पण पॉवर वाढवून हे दुखणं बरं होत नाही. त्याचं मूळ गच्चीवरच्या अँटेनाच्या कलात आहे. आमच्या कामात त्याला ‘टिल्ट’ म्हणतात.

गच्चीवर लोखंडी खांबांना बांधलेले उभट, पांढरे पट्टे तुम्ही पाहिलेच असतील. हेच अँटेना. ते साधारण दीड-दोन मीटर उंच असतात आणि बहुतेक ठिकाणी तीन दिशांना तोंड करून लावलेले असतात. आत धातूचे छोटे घटक एकावर एक रचलेले असतात. त्या सगळ्यांच्या लहरी ज्या दिशेला एकमेकींना साथ देतात, त्या दिशेला झोत तयार होतो. आडवा पाहिला तर हा झोत चांगला रुंद, सुमारे ६५ अंशांचा असतो. उभा मात्र चपटा, पाच ते दहा अंशांचाच. हा चपटा झोत नेमका कुठे टेकवायचा, यावर शहरातल्या नेटवर्कचं बरंचसं भलंबुरं ठरतं.

हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. अँटेना जमिनीपासून ३० मीटर उंचीवर आहे असं धरा. झोत तीन अंश खाली कलवला तर त्याचा मध्य सुमारे ५७० मीटरवर जमिनीला टेकतो. सहा अंश कलवला तर २८५ मीटरवर, आणि दहा अंश कलवला तर १७० मीटरवर. दाट वस्तीत दोन टॉवरमधलं अंतर अनेकदा चार-पाचशे मीटरच असतं. म्हणजे दोन-तीन अंशांचा फरक पडला की झोत आपल्या गल्लीऐवजी शेजारच्या टॉवरच्या गल्लीत जाऊन पडतो.

पडला तर बिघडलं कुठे, असं वाटेल. जास्त सिग्नल मिळाला तर चांगलंच की! इथेच खरी मेख आहे. ती कळायला थोडं मागे जाऊ. भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झालं. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळच्या तंत्रात शेजारशेजारच्या टॉवरना वेगवेगळ्या वारंवारिता वाटून दिलेल्या असत, त्यामुळे एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या हद्दीत गेला तरी बरंचसं निभावून जाई. ४जीमध्ये सर्वसाधारणपणे एका कंपनीचे सगळे टॉवर एकच वारंवारिता वापरतात. मग माझ्या टॉवरचा सिग्नल हा माझ्यासाठी आवाज, आणि शेजारच्या टॉवरचा सिग्नल हा निव्वळ गोंगाट. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणिताने दाखवून दिलं, की एखाद्या वाहिनीवरून किती माहिती जाऊ शकते हे वाहिनीची रुंदी आणि सिग्नल-गोंगाटाचं गुणोत्तर या दोन गोष्टींवर ठरतं. शहरातल्या सगळ्या टॉवरची पॉवर दुप्पट केली तर सिग्नल दुप्पट होईल आणि शेजाऱ्यांचा गोंगाटही दुप्पट होईल. गुणोत्तर जिथल्या तिथे राहील. रात्री घाटात समोरून येणारी प्रत्येक गाडी अप्पर लाइट मारू लागली तर रस्ता कोणालाच दिसत नाही. दिसायला हवा असेल तर सगळ्यांनी डिपरवर यावं लागतं. अँटेना खाली कलवणं म्हणजे डिपरवर येणं.

फोनवरच्या दांड्या मुख्यतः सिग्नल किती जोरात येतोय हे सांगतात. तो किती स्वच्छ आहे, हे त्यांच्यावरून कळत नाही. म्हणून दांड्या पूर्ण आणि आवाज तुटलेला, ही स्थिती शहरात सर्रास दिसते.

आता पुन्हा लोअर परळला, म्हणजे जुन्या गिरणगावात, येऊ. गिरण्या होत्या तेव्हा चिमण्या सोडल्या तर तिथे फार उंच काही नव्हतं. पाच-सात मजल्यांच्या गच्चीवर अँटेना बसवला की सगळी आळी त्याच्या नजरेच्या टप्प्यात येई. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि माणसं अँटेनाच्या वर राहायला गेली. रस्त्यासाठी खाली कलवलेला जवळच्या अँटेनाचा झोत त्यांच्या पायाखालून जातो. खिडकीतून मात्र दूरदूरच्या अनेक टॉवरचे सिग्नल येतात, सगळे साधारण सारख्याच जोराचे. फोन एकाला धरतो, सोडतो, दुसऱ्याला धरतो, आणि या धरसोडीत संभाषण तुटतं. पाण्यावरूनही असंच घडतं. मरीन ड्राइव्हच्या कमानीत मध्ये समुद्र आहे, अडवायला इमारत नाही, त्यामुळे एका टोकाचा सिग्नल सहज दुसऱ्या टोकाला पोहोचतो. अशा ठिकाणी कल फार काळजीपूर्वक ठरवावा लागतो.

अँटेना कलवायच्या रीती दोन. पहिली, रिगरने, म्हणजे उंचावर काम करणाऱ्या कामगाराने, खांबावर चढून ब्रॅकेट सैल करायचं, अँटेना पुढे झुकवायचा, कोनमापक लावून पक्का करायचा. यात एक खोट आहे. पुढचा झोत खाली गेला की मागे सांडणारा थोडासा झोत वर उचलला जातो, आणि बाजूंना कल जवळजवळ लागूच होत नाही. दुसरी रीत विजेची. अँटेना सरळच उभा राहतो, पण खालच्या घटकांना सिग्नल किंचित उशिरा पोहोचवला जातो, वरच्यांना आधी. एवढ्याने झोत खाली वळतो, आणि तो चहूबाजूंनी सारखाच वळतो. हल्ली हे काम छोटी मोटर करते आणि तिला हुकूम दूरच्या नियंत्रण कक्षातून देता येतो. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ५जीमध्ये तर मोठ्या अँटेनांतले झोत फोन जिकडे असेल तिकडे, वरखालीसुद्धा, क्षणात वळतात. उंच इमारतींच्या शहराला हे वरदानच आहे. पण ४जीचे अँटेना अजून भरपूर आहेत, आणि तिथे कल माणसालाच विचार करून ठरवावा लागतो.

हा विचार सोपा नाही. कल कमी ठेवला तर शेजाऱ्याला त्रास, जास्त ठेवला तर दोन टॉवरच्या मध्ये पोकळी पडते आणि तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत फोन मुका होतो. मोटारीत यंत्र ठेवून गल्लीगल्लीत मोजणी केल्याशिवाय, आणि जिने चढून घरात मोजल्याशिवाय, नुसत्या नकाशावरून हे ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. उंच मनोऱ्यांसाठी तर बाहेरचा कल पुरतच नाही. इमारतीच्या आतच छोटे अँटेना बसवावे लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०२४ साली डिजिटल जोडणीच्या सोयीनुसार इमारतींना मानांकन देण्याचे नियम केले, ते याच गरजेतून.

श्रोतेहो, यात तुमचाही वाटा आहे. किरणोत्सर्गाच्या भीतीने अनेक सोसायट्या गच्चीवर अँटेना नको म्हणतात. काळजी समजण्यासारखी आहे. पण भारताने २०१२ साली टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. शिवाय झोत समोर जातो, थेट खालच्या घरांत त्याचा फार थोडा अंश येतो. उलट टॉवर दूर गेला की तुमच्या कानाशी असलेला फोन त्याच्यापर्यंत पोहोचायला स्वतःची पॉवर वाढवतो.

दुसरी गोष्ट बूस्टरची. रेंज नाही म्हणून बाजारातून आणलेला बूस्टर परवान्याशिवाय लावणं हा गुन्हा आहे. तो तुमच्या घरात चार दांड्या वाढवतो आणि आजूबाजूच्या टॉवरच्या कानात गोंगाट ओततो, ज्याची शिक्षा अख्ख्या आळीला होते. तुमच्या घरी असा बूस्टर असेल तर कृपया आजच काढून टाका. त्याऐवजी कंपनीकडे तक्रार नोंदवा, आणि ‘रेंज नाही’ एवढंच लिहू नका. मजला कितवा, खिडकी कोणत्या दिशेला, वेळ कोणती, आणि आवाज तुटला तेव्हा दांड्या किती होत्या, हे चारही लिहा. कल बदलायचा की नाही, हे ठरवणाऱ्या इंजिनिअरला नेमकी हीच माहिती लागते.