अकरा पिढ्यांचे गणित



गणिताच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ बोलताना, फळ्यावरचे गणित माणसाच्या दारापर्यंत कसे पोहोचते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या समा भागातून निघून छोटा उदेपूर किंवा नर्मदा जिल्ह्यात गेले, की तेथील आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. सातपुड्यापलीकडे नंदुरबारमध्येही तो आहे. सिकलसेलचे जनुक आई व वडील या दोघांकडूनही आले तर मूल आजारी होते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक असते आणि सहसा निरोगी राहते.

असे घातक जनुक निसर्गाच्या निवडीत नाहीसे का झाले नाही? पुढे १९५७ मध्ये भारतात आलेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तलेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलॅसेमियाविषयी एक तर्क मांडला होता : वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. सिकलसेलबाबत तसा पुरावा अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिला.

आता आकडेमोड करू. समजा, हिवतापाच्या प्रदेशात १० वाहक तगतात तेथे जनुक नसलेले ९ च तगतात, आणि आजारी मुले मुळीच वाचत नाहीत. मग ११ जनुकांत १ सिकलसेलचे, या प्रमाणावर समतोल साधतो. जन्मणाऱ्या १२१ बालकांत १ आजारी, २० वाहक आणि १०० जनुकमुक्त.

उद्या हिवताप हटला, तर? पुढच्या पिढीत हे प्रमाण १२ त १, त्यापुढे १३ त १. निम्मे होण्यास ११ पिढ्या, म्हणजे सुमारे पावणेतीनशे वर्षे! उपचारांनी मुले वाचू लागली की ही गती आणखी मंदावेल. आणि ती मंदावावी, हेच आपणास हवे आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. निसर्गावर हवाला ठेवून बसणे व्यर्थ आहे. आणि वाहकाला कलंकित मानून सोयरीक मोडणे अज्ञानाचे आहे. त्याच्या पूर्वजांना याच जनुकाने तारले असेल. मात्र दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी हवी, समजूतदार सल्ला हवा आणि बालपणापासून उपचार हवेत.

आपल्यापैकी जे डॉक्टर वा शिक्षक म्हणून त्या गावांत जातील, त्यांनी हे गणित तेथील लोकांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावे. आपल्या गुरुजींचे तेच खरे स्मारक होईल.